होस्ट अपग्रेड करताना मी पाळतो तो क्रम

आधी व्हीसेंटर (सगळे होस्ट सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर), मग ईएसएक्सआय होस्ट (व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारे सर्व्हर). हा क्रम उलटा करू नका. जुना व्हीसेंटर नव्या आवृत्तीचा होस्ट सांभाळू शकत नाही. सर्व्हरचं मॉडेल, प्रोसेसर, नेटवर्क कार्ड आणि त्यांचं फर्मवेअर सुसंगततेच्या यादीत आहे ना, हे मी कामाच्या रात्री नाही, आठवडाभर आधी बघतो. होस्टच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअपही तेव्हाच.

एका वेळी एकच होस्ट. उरलेल्या होस्टवर सगळ्या व्हीएम मावतील इतकी मेमरी मोकळी हवी. मग मेंटेनन्स मोड, म्हणजे होस्टवरच्या व्हीएम दुसरीकडे हलवून तो कामासाठी रिकामा करणं. इथेच काम अडतं. एकदा माझं ६८ टक्क्यांवर थांबलं ते थांबलंच. शोधलं तर एका व्हीएमच्या सीडी ड्राइव्हला त्याच होस्टच्या लोकल डिस्कवरची आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपी प्रत) जोडलेली! ती काढली आणि व्हीमोशन, म्हणजे चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं, सुरू झालं. तेव्हापासून जोडलेल्या आयएसओ आणि लोकल डिस्कवरच्या व्हीएम मी आदल्या दिवशीच शोधून ठेवतो.

अपग्रेड झालं, रीबूट झालं, तरी लगेच पुढच्या होस्टला हात लावू नका. स्टोरेजचे सगळे पाथ (होस्टपासून स्टोरेजपर्यंतचे जोडमार्ग) दिसतात का बघा. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पॅकेट) वापरत असाल तर ८९७२ बाइटचा, तुकडे न पाडणारा पिंग करा. एक बिनमहत्त्वाची व्हीएम त्यावर आणा, परत पाठवा. व्हीसॅन (होस्टच्या डिस्क एकत्र करून केलेलं सामायिक स्टोरेज) असेल तर रीसिंक, म्हणजे डेटाच्या प्रती पुन्हा जुळवण्याचं उरलेलं काम, शून्यावर येईपर्यंत थांबाच, कितीही वेळ लागो.

होस्ट नीट उठला नाही, तर बूट होताना शिफ्ट आणि आर दाबून आधीच्या आवृत्तीवर परतता येतं.