घरच्या सुतारकामासाठी माणूस ठरवताना

पावसाळ्यात दार चौकटीत अडकू लागले की पुण्यातील घरोघरी सुताराची आठवण होते, आणि तो आला की आधी रंधा मारून घेण्याची घाई होते. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पुन्हा आकसते. त्यामुळे जुलैमध्ये भरपूर तासलेल्या दाराला जानेवारीत डोळ्यांत भरेल अशी फट पडते. शिवाय दार घासते त्याचे कारण पुष्कळदा लाकडात नसतेच. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार खाली झुकलेले असते. अशा वेळी स्क्रूच्या भोकात फेविकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोकून स्क्रू नव्याने बसवला की काम भागते. सुतार पारखायला एवढे निरीक्षण पुरते. दार पाहताच पिशवीतून रंधा काढणाऱ्याला तेवढ्या कामाचे पैसे देऊन निरोप द्यावा, आणि दोनदा उघडमीट करून आधी बिजागरी तपासणाऱ्याला पुढचे मोठे काम सांगावे.

सुतार शोधण्यासाठी आपल्या सोसायटीतील ज्या घरात वर्ष-दोन वर्षांपूर्वी काम झाले असेल, तेथे जाऊन ते काम पाहणे सर्वांत उपयोगी. नवे कपाट सगळ्यांचेच चांगले दिसते. दोन पावसाळे काढलेल्या कपाटाचे ड्रॉवर अडखळतात का, कडेची पट्टी सुटली आहे का, हे पाहिले म्हणजे कारागिराचा हात कळतो. प्लायवूडच्या दुकानदारानेही नाव सुचवले तर जरूर घ्यावे, मात्र मालाच्या खरेदीवर सुताराला दुकानाकडून दलाली मिळण्याची पद्धत या धंद्यात आहे, हे ध्यानात ठेवून माल स्वतः पारखावा.

काम देण्याच्या पद्धती तीन आहेत: रोजंदारी, उक्ती मजुरी (दिवसांवर नव्हे, तर पूर्ण कामावर ठरलेली; माल आपला) आणि मालासकट उक्ते काम. कडी-कोयंडा बदलणे, जाळीचे दार दुरुस्त करणे, पडद्याचा दांडा लावणे अशा फुटकळ कामांना रोजंदारी बरी, आणि ती कामे साठवून एकाच दिवशी करून घ्यावीत, कारण एका बिजागरीसाठी कोणताही चांगला सुतार सिंहगड रस्त्यावरून औंधला येणार नाही. कपाट, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या किंवा पोटमाळ्याची दारे करायची असतील तर उक्ते ठरवावे. दर बहुधा चौरस फुटावर सांगितला जातो. 7 फूट उंच आणि 6 फूट रुंद कपाट दर्शनी मापाने 42 चौरस फूट भरते. पण आतले ड्रॉवर, मागची फळी आणि वरचा माळा त्याच दरात आहेत की वेगळे, हे बोलून घेतले नाही तर हिशेबाच्या दिवशी आवाज चढतात. दोन-तीन जणांकडून दर घेताना सर्वांना एकच कागद, त्याच मापांसह, दाखवावा, नाहीतर आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. सुतार इंचाच्या खाली सुतात बोलतात, 8 सूत म्हणजे एक इंच. फ्रिजसाठी जागा सोडताना या सुतांना फार किंमत येते.

मालाच्या बाबतीत मात्र सैल राहू नये, कारण बहुतेक फसगत येथेच होते. प्लायवूडच्या पाटावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो: साधारण घरगुती प्लायसाठी 303, आणि उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या मरीन प्लायसाठी 710. आमच्या सिंकखालच्या कपाटाला सुताराने ‘वॉटरप्रूफच आहे’ म्हणून साधा प्लाय लावला आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा तळ पुरीसारखा फुगला. पाट कापण्यापूर्वी शिक्का पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. म्हणून ठरलेल्या कागदावर प्लायचा मानक क्रमांक, जाडी (कपाटाच्या सांगाड्याला बहुधा 18 मिलिमीटर), सनमायकाची जाडी, बिजागऱ्या आणि चॅनेल (ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) यांची कंपनी नोंदवावी. दाराच्या बाहेरच्या बाजूला सनमायका आणि आतली बाजू कोरी, अशी काटकसर सुचवली गेली तर ती नाकारावी, कारण दोन्ही बाजूंना सारखा थर नसला की पल्ल्याला बाक येतो. माल स्वतः आणायचा असल्यास भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये एक सकाळ घालवणे फुकट जात नाही. 8 बाय 4 फुटांचे पाट किती लागतील याचा अंदाज सुताराकडून लेखी घ्यावा आणि उरलेला अख्खा पाट परत घेणार का, हे दुकानदाराला खरेदीपूर्वीच विचारावे.

पेठांतील जुन्या घरात चौकट काढायची असेल तर ते लाकूड सागवान आहे का, हे आधी तपासावे. जुने सागवान घासून-पॉलिश करून पुन्हा वापरता येते आणि त्याला विकत घेणारेही असतात. काढलेले लाकूड कोणाचे, हे न ठरवल्यास ते सायंकाळी भंगाराबरोबर निघून जाते.

सोसायटीची परवानगी, लिफ्टचा वापर आणि भुसा-तुकड्यांची विल्हेवाट यांची चौकशी काम सुरू होण्यापूर्वी करावी. दुपारी एक ते चार कटर चालवू नये, असा नियम सोसायटीत नसला तरी शेजारी तो असल्यासारखेच वागतील. दिवाळीपूर्वी काम संपवायचे असल्यास सुतार पावसाळ्यातच ठरवावा, कारण परप्रांतातून आलेले अनेक कारागीर सणाला गावी जातात.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत: थोडी उचल, सांगाडा उभा राहिल्यावर एक हप्ता, सनमायका चिकटल्यावर दुसरा. प्रत्येक रक्कम तारखेसह त्याच कागदावर लिहून दोघांनी सही करावी. शेवटचा दहावा हिस्सा मात्र हाती ठेवावा. पंधरा-वीस दिवस कपाटात कपडे आणि ड्रॉवरमध्ये सामान भरून वापर झाला, की खाली झुकलेला पल्ला किंवा अडकणारे चॅनेल लक्षात येते, आणि ते नीट करायला सुतार पुन्हा आला की उरलेली रक्कम त्याच दिवशी हातावर ठेवावी.