हार्डी म्हणजे नक्की कोणते हार्डी? या चुका टाळा

रामानुजन यांच्यावरच्या लेखात झुपकेदार मिशांच्या वयस्क गृहस्थांचा फोटो दिसला, तर घोटाळा झालाय असं समजा. ते टॉमस हार्डी, 'टेस'चे कादंबरीकार. रामानुजन यांची पारख केली ती गॉडफ्री हॅरॉल्ड हार्डी या गणितज्ञाने, आणि ते गुळगुळीत दाढी केलेले, सडपातळ.

देश आणि काळ पाहून ओळखू म्हणाल तर फसाल. टॉमस १८४० ते १९२८, गॉडफ्री १८७७ ते १९४७. म्हणजे तब्बल पन्नास वर्षं दोघेही इंग्लंडातच हयात होते. 'केंब्रिज' ही खूणही पुरत नाही. जानेवारी १९१३ मध्ये रामानुजन यांनी मद्रासहून गॉडफ्रींना केंब्रिजच्या पत्त्यावर पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी केंब्रिजने टॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली! म्हणून नुसतं 'हार्डी' लिहू नका. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्याच. जुन्या मजकुरात नाव अर्धवट असेल तर आजूबाजूला पाहा: डॉर्सेट (त्यांचा इंग्लंडातला जिल्हा), वेसेक्स (त्यांच्या कादंबऱ्यांतला प्रदेश), कविता असेल तर टॉमस; ट्रिनिटी (केंब्रिजचं कॉलेज), लिटलवुड (त्यांचे सहकारी गणितज्ञ), मूळसंख्या असेल तर गॉडफ्री.

अनुवादात दोन चुका मला फार खटकतात. गॉडफ्रींच्या १९४० च्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'चा 'माफीनामा' करू नका. ते कुणाची माफी मागत नाहीत, गणिताची बाजू मांडतात. आपला 'कैफियत' हा शब्द तिथे चपखल बसतो. आणि त्यांचा विषय 'संख्याशास्त्र' नव्हे. मराठीत ते स्टॅटिस्टिक्स झालं. 'संख्या-सिद्धांत' म्हणा.

जीवशास्त्रातला हार्डी-वाइनबर्ग नियम, म्हणजे पिढ्यान्पिढ्या जनुकांचं प्रमाण कधी कायम राहतं ते सांगणारा, हाही गॉडफ्रींचाच, १९०८ चा. शुद्ध गणितवाल्याचं नाव आनुवंशिकतेत पाहून ते दुसरेच कुणी असतील असं अनेकांना वाटतं. यातले वाइनबर्ग म्हणजे जर्मन डॉक्टर विल्हेल्म. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग वेगळे.

डॉर्सेटला फिरायला जाणार असाल तर आणखी एक. पोर्टेशमजवळच्या टेकडीवरचं उंच 'हार्डी स्मारक' कादंबरीकाराचं नाही. ते आहे ट्रफाल्गारच्या आरमारी लढाईत ब्रिटिश सेनापती नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजाचे कप्तान असलेल्या टॉमस मास्टरमन हार्डींचं. कादंबरीकार टॉमस यांच्यासाठी जायचं तर डॉर्चेस्टरजवळच्या हायर बॉकहॅम्प्टनला जा. त्यांचा जन्म झाला ते गवताने शाकारलेलं घर तिथे आहे.