दिल्लीला गेलाच तर नवी दिल्ली पायी बघा, कशी ते सांगतो

आपल्याकडची बरीच मंडळी टूरच्या गाडीतनं इंडिया गेट बघतात, फोटो काढतात की लगेच आग्रा. अरे पण ते शहर राजधानी म्हणूनच आखून बांधलंय, १९११ च्या दरबारात पंचम जॉर्जनं राजधानी कलकत्त्याहून हलवायची घोषणा केली आणि उद्घाटन व्हायला १९३१ उजाडलं, ते गाडीच्या काचेतनं काय कळणार?

कोल्हापूरहून निजामुद्दीनला आठवड्यातनं एकदा थेट गाडी आहे, नाहीतर मिरजेतनं रोजची गोवा एक्सप्रेस धरा. जानेवारी टाळा, धुकं असतंय आणि परेडच्या तालमीसाठी रस्ते बंद. फेब्रुवारी बेस्ट.

सकाळी लवकर रिक्षानं इंडिया गेटला उतरा, म्हणजे ऊन पाठीवर राहतं. आधी गोल चक्कर मारा, हैदराबाद हाऊस, बडोदा हाऊस, पतियाळा हाऊस, सगळे संस्थानिकांचे वाडे. बडोदा हाऊसमध्ये आता उत्तर रेल्वेचं ऑफिस, पतियाळात कोर्ट. बाहेरनंच बघायचं.

मग कर्तव्य पथावरनं सरळ पश्चिमेला. रंकाळ्याला रोज फेरी मारणाऱ्याला हे अंतर किरकोळ. नजर राष्ट्रपती भवनावर ठेवा. लांबनं झकास दिसणारं भवन विजय चौक जवळ आला की चढामागं बुडायला लागतं, खांब गायब, पायऱ्या गायब, घुमटाचा वरचा भाग तेवढा उरतो आणि दोन्ही बाजूचे नॉर्थ-साऊथ ब्लॉकच, म्हणजे सचिवालयाच्या जुन्या इमारतीच, मोठे वाटतात. चढ चढलं की भवन परत हळूहळू वर येतं. झालं असं की बेकर आणि लुटियन्स हे दोघं इथले ब्रिटिश आर्किटेक्ट, बेकरचे ब्लॉक आणि लुटियन्सचं भवन एकाच उंचीवर ठेवायचं ठरलं, त्यात भवन मागं सरकलं. लुटियन्सला हे उशिरा उमगलं, मग चढ बदला म्हणून लई आदळआपट केली, कुणी ऐकलं नाही, दोघांचं कायमचं बिनसलं. मला विचाराल तर चढ राहिला तेच भारी झालं.

बंदोबस्त असला तर पोलीस वर सोडत नाहीत, हुज्जत घालू नका. खायचं पिशवीत ठेवा, तिथली माकडं बेक्कार आहेत. भवन आतनं बघायचं तर ऑनलाइन बुकिंग आधीच करा, सोमवार सोडून, आणि ओरिजिनल आधार जवळ पाहिजे.

परत येताना केंद्रीय सचिवालयातनं मेट्रो, दुसरं स्टेशन राजीव चौक. वर आलं की कॅनॉट प्लेस, खांबांच्या व्हरांड्यात सावली मस्त. तिथंच जेवा, फक्त तांबडा-पांढरा शोधत बसू नका.