पॅच आज द्यावा की थांबावे: प्रकाशनाचा हिशेब कसा मांडावा

भोसरी-चाकणच्या कारखान्यांसाठी पगाराचे किंवा जीएसटीचे सॉफ्टवेअर करणाऱ्या पुण्यातील लहान कंपन्यांमध्ये नवी आवृत्ती कधी द्यायची, हे बहुतेक वेळा विक्री विभागाने ग्राहकाला सांगितलेल्या तारखेवरून ठरते. तारीख चुकल्याचे नुकसान कंपनीला लगेच दिसते. सदोष आवृत्तीचे नुकसान मात्र ग्राहकाच्या अकाउंटंटला सोसावे लागते आणि कंपनीच्या वहीत ते कधीच चढत नाही. म्हणून प्रकाशनाचा निर्णय कागदावर मांडताना ग्राहकाचा खर्च सर्वांत वर लिहावा.

समजा, २०० ग्राहक आहेत आणि करगणनेतील एका दोषामुळे प्रत्येकाचे ३ तास वाया जातात; म्हणजे ६०० तास गेले. तोच दोष आधी दोन प्रोग्रामरांनी दोन दिवसांत काढला असता, तर ३२ तास लागले असते. असा दोष माहीत असताना तारीख पाळू नये. उलट, अहवालातील एखादा रकाना सरकतो एवढ्यासाठी आवृत्ती अडवू नये. तो दोष ग्राहकांना लेखी कळवावा आणि पुढे जावे. माहीत नसलेल्या दोषांसाठी, चाचणीत दर आठवड्याला किती नवे गंभीर दोष सापडतात याची नोंद ठेवावी. ती संख्या घटत नसेल, तर आवृत्ती तयार झालेली नाही.

सुरक्षेच्या पॅचचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधील सुरक्षेचा दोष दुरुस्त करणाऱ्या छोट्या बदलाचा, हिशेब वेगळा असतो. पॅच बाहेर पडला की जुन्या आणि नव्या फाइलींची तुलना करून दोष नेमका कुठे होता हे हल्लेखोरालाही शोधता येते, त्यामुळे ज्याने तो बसवला नाही त्याचा धोका त्या दिवसापासून वाढतो. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका दोषावर १४ मार्च २०१७ रोजी पॅच दिला. त्याच दोषावर स्वार होऊन वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर १२ मे रोजी जगभर पसरले, आणि मधले जवळजवळ दोन महिने असंख्य संगणक पॅचविना चालू होते. यावरून माझे स्पष्ट मत असे आहे की सुरक्षेचा पॅच एकटाच द्यावा, त्याला नव्या सुविधा जोडू नयेत. नव्या स्क्रीनला घाबरून ग्राहक अपडेट पुढे ढकलतो आणि सुरक्षाही त्याबरोबर पुढे ढकलली जाते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून पॅच देण्यासाठी महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून दिला, त्यामागेही ग्राहकाला चाचणीसाठी माणसे आणि वेळ आधीच राखून ठेवता यावा हा विचार होता. हल्ले सुरू झाले असतील, तर मात्र ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नये.

नेहमीच्या आवृत्तीसाठी दिवस निवडताना ग्राहकाचा महिना समोर ठेवावा. ७ तारखेपर्यंत पगार, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र), १५ ला भविष्यनिर्वाह निधीचा भरणा, २० ला जीएसटीआर-३बी (कर भरण्याचे गोषवारा विवरणपत्र). मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी २१ ते २५ हेच दिवस त्यातल्या त्यात मोकळे असतात. त्यातही गुरुवार टाळावा, कारण महावितरणची देखभालीची कामे अनेकदा त्याच दिवशी निघतात. अनंत चतुर्दशीच्या आसपास तर काहीच देऊ नये, कारण रस्ते बंद असताना मदतीला माणूस पोहोचणार नाही.

आवृत्ती सगळ्यांना एकाच वेळी पाठवू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीचे एक सदोष अपडेट एकदम सर्वत्र गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. कंपनीने ते दीड तासाच्या आत मागे घेतले, तरी बंद पडलेली यंत्रे बहुतांशी एकेक करून हाताने सुरू करावी लागली. आपल्याकडे आधी संमती दिलेल्या पाच-सहा ग्राहकांना आवृत्ती द्यावी, एक पूर्ण कामाचा दिवस जाऊ द्यावा, मगच पुढची तुकडी घ्यावी. जुन्या आवृत्तीवर परतण्याची कृती ग्राहकाच्या डेटाच्या प्रतीवर आधी करून पाहावी, आणि प्रकाशन थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते त्याच्या मोबाइल क्रमांकासह प्रकाशनाच्या कागदावर लिहून ठेवावे. तो अधिकार विक्री विभागाकडे देऊ नये.