स्मृतिभ्रंश झालेल्या आईवडिलांची घरी काळजी: सांभाळणाऱ्याने आणि दूरच्या भावंडांनी काय करावे

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश, अर्थात डिमेन्शिया आहे. त्यांतील बहुतेकांची देखभाल घरीच होते, आणि घरी म्हणजे प्रत्यक्षात कोणा एकाकडूनच, मग ती पत्नी असो, सून असो की जवळ राहणारी मुलगी. त्यामुळे रुग्णाची व्यवस्था लावतानाच त्या एका व्यक्तीची व्यवस्थाही लावावी. ती अंथरुणाला खिळल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

‘वय झालं, विसरायचंच’ असे म्हणून निदान लांबवू नये. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, पडल्यानंतर मेंदूभोवती साचलेले रक्त, झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्या यांनीही विस्मरण होते आणि त्यातले बरेचसे उपचाराने सुधारू शकते. न्यूरॉलॉजिस्ट अथवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना चालू असलेली सगळी औषधे, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घालून न्यावीत. स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर; त्यासाठी डोनेपेझिल, मेमँटिन यांसारखी औषधे दिली जातात. त्यांनी काहींची लक्षणे काही काळ सौम्य होतात, पण आजार थांबत नाही, हे सर्व भावंडांनी एकत्र बसून ऐकलेले बरे. नाहीतर पुढे ‘औषधं नीट देत नसणार’ हा ठपका सांभाळणाऱ्यावर येतो.

रोजच्या वागण्यात सर्वांत अवघड जाते ते चूक दुरुस्त न करणे. सासूबाई पाटल्या रुमालात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात, विसरतात आणि सुनेनेच घेतल्या असे शेजारणीला सांगतात. असा आरोप जवळच्याच माणसावर येतो, कारण समोर सतत तेच माणूस असते, आणि मेंदूला जी जागा रिकामी सापडते ती तो मिळेल त्या स्पष्टीकरणाने भरतो. ‘मी कशाला घेऊ?’ असा वाद घातला तर संशय घट्ट होतो. त्याऐवजी ‘आई, सापडत नाहीत म्हणजे जिवाला लागणारच. चला, दोघी मिळून शोधू,’ असे म्हणून बरोबर शोधावे, लपवण्याच्या नेहमीच्या जागा ध्यानात ठेवाव्यात आणि खऱ्या दागिन्यांची रवानगी वेळीच लॉकरमध्ये करावी. शेजाऱ्यांना व कामवाल्या मावशींना आजाराची कल्पना आधीच द्यावी. लपवाछपवीने सुनेची बदनामी तेवढी होते.

दिवेलागणीची वेळ अनेक घरांत कठीण असते. माणूस अस्वस्थ होते, येरझाऱ्या घालते, स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणते. हे घर बहुधा लहानपणचे असते आणि मागणी पत्त्याची नसून सुरक्षिततेची असते. तेव्हा ‘हेच तुमचं घर’ असे पटवत बसू नये. अंधार पडण्याआधीच सगळे दिवे लावावेत, टीव्हीवरच्या बातम्या बंद कराव्यात, ‘चहा घेऊ आणि मग बघू’ म्हणावे, माहेरच्या विहिरीबद्दल किंवा शाळेबद्दल विचारावे, नाहीतर शेंगा सोलायला, वाती वळायला हाती द्याव्यात. वाती वाकड्या झाल्या तरी हरकत नाही. दुपारची झोप आटोपशीर ठेवली आणि सकाळी थोडे ऊन, थोडे चालणे झाले, तर संध्याकाळ बरीच सुसह्य होते.

मात्र एकदोन दिवसांत अचानक भ्रम वाढला, माणूस सुस्त झाले किंवा भलतेसलते दिसू लागले, तर आजार बळावला असे गृहीत धरू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणे, रक्तातील सोडियम घटणे, नवीन औषध यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता मोठी असते आणि डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे लागते.

घरातले बदल थोडक्यात सांगता येतील. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, न्हाणीघराची आतली कडी काढून टाकावी, कमोडजवळ धरायला दांडा बसवावा, दाराला उघडताच वाजणारी घंटा लावावी आणि खिशात नाव व घरचा फोन नंबर असलेले कार्ड ठेवावे. जेवताना ठसका लागू लागला की मऊ भात, दाटसर खिचडी असे पदार्थ, ताठ बसवून, छोट्या घासांनी भरवावेत आणि डॉक्टरांना कळवावे. पातळ पाण्यानेच बऱ्याचदा ठसका लागतो.

पैशांची आणि कागदपत्रांची कामे निदान झाल्याबरोबर हाती घ्यावीत, कारण रुग्णाला समजून सही करता येण्याचा काळ मर्यादित असतो. मुखत्यारपत्र करून ठेवले की पुढचे सगळे भागले, हा समज चुकीचा आहे; भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते संपुष्टात येते. त्यानंतर घर किंवा जमीन विकायची झाल्यास पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागू शकते. म्हणून बँकेची खाती ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीने संयुक्त करणे, नामनिर्देशन तपासणे आणि मृत्युपत्र करायचे असल्यास डॉक्टरांच्या दाखल्यासह करणे, ही कामे रुग्णाच्या इच्छेने व सर्व वारसांना सांगून उरकावीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांविषयीची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते व प्रतिनिधीही नेमता येतो.

आता दूरच्या भावंडांविषयी, कारण खरी कमतरता इथे असते. फोनवर दहा मिनिटे आई छान बोलते, पाहुणे आले की सावरून बसते, आणि मग पुण्या-मुंबईचा किंवा परदेशातला मुलगा म्हणतो, ‘मला तर ठीकच वाटली, तुम्ही उगाच घाबरता.’ हे सावरणे तेवढ्यापुरतेच असते. रात्री तीनला काय चालते ते राहणाऱ्यालाच ठाऊक. मत देण्याआधी एकदा सलग आठवडाभर एकट्याने सांभाळून पाहावे आणि त्या काळात वहिनीने खरोखर घराबाहेर, गावाला जावे. नंतर तसा आठवडा ठरावीक महिन्यांनी कॅलेंडरवरच लिहून टाकावा. व्हॉट्सॲपवर काढ्यांच्या पाककृती पाठवणे ही मदत नव्हे.

लांबून करता येण्याजोगे बरेच आहे. ब्युरोतून येणाऱ्या मावशींचा पगार, औषधांची मागणी, विमा, वीजबिल आणि निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला या गोष्टी एकेकाने कायमच्या अंगावर घ्याव्यात. हा दाखला आता मोबाइलवर चेहरा ओळखवूनही घरबसल्या देता येतो. सांभाळणाऱ्या व्यक्तीने नोकरी सोडली असेल, तर तिच्या नावे दरमहा ठरावीक रक्कम जमा करण्याचा विषय संकोच न करता काढावा. आपल्याकडे त्याला ‘सेवेचे पैसे’ म्हणून नाके मुरडतात, पण त्या घरातला तिचा पगार बुडालेला असतो हे कोणी मोजत नाही.

सांभाळणाऱ्याची झोप तुटली असेल, लहानसहान गोष्टींवर रडू येत असेल किंवा रुग्णावर हात उगारला गेला असेल, तर ती दोषाची नव्हे, तातडीच्या मदतीची खूण मानावी. मानसिक आधारासाठी टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांविषयीच्या माहितीसाठी एल्डरलाइन १४५६७ हे क्रमांक आहेत. १९९२ पासून काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था कुटुंबीयांना मार्गदर्शन करते. निवासी केंद्राचा विचार करावा लागला, तर सकाळच्या ठरलेल्या वेळेऐवजी संध्याकाळी सात वाजता तिथे जावे, रात्रपाळीला किती माणसे असतात ते विचारावे आणि अस्वस्थ झालेल्या माणसाला तिथले कर्मचारी कसे हाताळतात ते थोडा वेळ बसून पाहावे.