डिपॉझिटसाठी कोर्टात जाताय? आधी या चुका टाळा

घरमालक डिपॉझिट देत नाही म्हटलं की माणूस पहिले पोलीस स्टेशनला पळतो, तिथे सांगतात हे दिवाणी मॅटर आहे, मग मुंबईवाल्यांचे व्हिडिओ बघून लघुवाद न्यायालय (भाड्याचे आणि लहान रकमांचे दावे चालणारं कोर्ट) कुठंय ते शोधत बसतो. भाऊ, ते सगळीकडे नसतं. चोपडा, शिरपूर, भुसावळ, आपल्याकडे हा दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडेच लागतो.

पण खरा घोळ त्याच्या आधीच झालेला असतो, चावी देताना. मी भुसावळची रूम सोडली तेव्हा चावी शेजारच्या काकूंकडे टाकून निघालो, ना फोटो ना व्हिडिओ. महिन्याने मालक म्हणे कूलरच्या पाण्याने भिंत फुगली, तुमच्या 20 हजारातले 14 रंगातच गेले. आता मे महिन्यात भुसावळला कूलर कोण लावत नाही! पण भिंत कशी होती हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. म्हणून चावी मालकाच्याच हातात द्या, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, मीटरचं रीडिंग, आणि "चावी मिळाली" एवढं तरी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

"डिपॉझिटातून कापून घ्या" म्हणत शेवटची दोन भाडी बुडवू नका, थकबाकीचा मुद्दा तुम्हीच त्याच्या हातात देताय.

करार नुसता नोटरीचा आहे, रजिस्टर नाही, म्हणून गप्प बसणारे तर ढीगभर. अहो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 बघा, 11 महिन्यांचा का असेना, करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. त्याने नाही केला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरतात, खोटं पाडायचं काम मालकाचं, वर त्यालाच 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. डिपॉझिट दिल्याचा पुरावा मात्र ठेवा, रोख दिलं असेल तर पावती.

चॅटचे नुसते स्क्रीनशॉट घेऊन जाऊ नका, मोबाइलमधला पुरावा खरा असल्याचं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागतं, वकील त्याचा मसुदा करून देतो. नोटीस फोनवर नाही, स्पीड पोस्टने, पावती जपून. आणि "दिवाळीनंतर देतो" ऐकत बसू नका, दावा लावायची मुदत साधारण 3 वर्षांची.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, बायांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मी दावा न लावता तिथूनच लोकअदालतीत अर्ज टाकला, मालकाने आधी खूप तोंड वाजवलं, पण 14 पैकी 9 हजार दिले.