घडीचा कपड्यांचा स्टँड: आधी सांधा नीट करा

बाहेर ठेवायचा घडीचा स्टँड बनवताना सगळं लक्ष दांड्यांकडे जातं, पण मोडतो तो कात्रीसारख्या पायांच्या सांध्यावर. पोकळ पाइपला आरपार भोक पाडून बोल्ट आवळला की पाइप चेपतो, भोक लांबट होतं आणि स्टँड डुलायला लागतो. म्हणून 25 मिमी पाइपच्या आत, भोकाच्या रेषेत, बोल्ट सैलसर जाईल अशी छोटी धातूची नळी बसवा. आवळण्याचा दाब तीच घेते. दोन पायांमध्ये नायलॉनचा वॉशर आणि शेवटी नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा नट). साधा नट उघड-मीट करताना हमखास सैल होतो.

पाय फाकू नयेत म्हणून खाली दोन्ही बाजूंना पट्टा किंवा साखळी हवीच. उंची 110 सेंमी असेल तर पायांत निदान 75 सेंमी अंतर ठेवा, नाहीतर ओली चादर वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि स्टँड आडवा.

दांड्यांमध्ये 10 ते 12 सेंमी अंतर पुरे. जीन्ससाठी मात्र एक दांडी सोडून वाळत घाला. पाइपची वरची टोकं बुचाने बंद करा, खाली 4 मिमीचं भोक ठेवा. आत साचलेलं पाणीच गंज धरवतं.